विरजणापुरतं

"दही वाढण्याआधी चमचाभर विरजण बाजूला काढून ठेवत जा. सगळं वाढून टाकलंस, तर उद्या काय लावशील?" आई बजावायची. शाल्मली हसायची, "दुकानात मिळतं गं!"

शाल्मलीचं बाळ सात महिन्यांचं झालं. त्या रविवारी सगळ्यांना वाढून ती जेवायला बसली, तर दह्याचं भांडं चाटूनपुसून रिकामं. विरजणापुरतंही उरलं नव्हतं. समोर खिळ्याला टांगलेल्या तिच्या कॉलेजातल्या बॅडमिंटन रॅकेटवर दुपटं वाळत होतं. तिच्या मनात आलं, दही दुकानात मिळेल. मी कुठे मिळणार?

तिनं रॅकेट काढली आणि बाळ नवऱ्याच्या हातात दिलं. "तासभर खेळून येते. रोज जाणार आहे."

"अगं, रडलं तर?"

"रडलं तर घे. बाप आहेस ना!"

तुमच्या घरी सगळ्यांना वाढणारी जेवली का? आत जाऊन बघा जरा.