पैलतीरची सुईण

डॅन्यूबकाठचा किल्ला सोडून दक्षिणेला निघण्याचा हुकूम आला त्याच सकाळी शिपाई मुकात्राच्या बायकोला कळा सुरू झाल्या. “घाल तिला गाडीत,” नायक म्हणाला. “वाटेत मरेल हो ती.” “मग पट्टा काढ. यापुढे रोमचा शिपाई म्हणवू नकोस.” मुकात्रानं कमरेचा पट्टा सोडून त्याच्या हातात दिला. तुकडी गेली, मूल मात्र अडलं. ज्या शत्रूच्या पैलतीरावर त्यानं वर्षानुवर्षं नजर ठेवली, तिथंच तो होडीतून रिकाम्या हातांनी उतरला. तिथल्या गॉथ टोळीवाल्यांनी भाले रोखले. “बायको अडलीये माझी,” तो त्यांच्या बोलीत म्हणाला. त्यांच्यातली एक म्हातारी सुईण पुढे घुसली. “भाले कसले दाखवताय, मेल्यांनो? सरका!” ती त्याच्या होडीत जाऊन बसली. संध्याकाळी किल्ल्यात नुकती जन्मलेली मुलगी रडली. तिला लोकरीत गुंडाळून म्हातारी मुकात्रावर खेकसली, “रडतोस काय? दरवाजा लाव, लेकीला वारं लागेल!” गॉथ आत असताना त्यानं पहिल्यांदाच किल्ल्याचा दरवाजा लावला.