मेलेला शब्द

“जुन्या मराठीत वाळणे म्हणजे सोडून देणे. त्यातून जन्मलेला ‘वाळीत’ हा शब्द आता मेला,” भिकाजी मास्तरांनी वाचनालयाच्या वर्धापनदिनी जाहीर केलं. टाळ्या पडल्या. त्याच भरात त्यांनी सुचवलं, शिमग्याची पालखी यंदा खालच्या वाडीतही न्यावी. तिथे ती आजवर गेली नव्हती.

संध्याकाळी देवळात गावकी बसली आणि तिने मास्तरांनाच वाळीत टाकलं. पहिला हात वर गेला तो विश्रामचा. शाळेत एका बाकावर बसलेल्या, आदल्याच दिवशी “बोल बिनधास्त, मी आहे” म्हणालेल्या विश्रामचा. आता पालखी मास्तरांचं अंगणही टाळणार होती.

सकाळी विश्राम मागच्या दाराने आला. माफी मागायला आला असेल म्हणून मास्तरांनी चहा पुढे केला. त्याने मान हलवली. “वाळीतल्या घरचं पाणी चालत नाही, ठाऊक आहे ना.”

मग त्याने खिशातून कोरा कागद काढला. “मास्तर, गावकीचे ठराव तूच लिहितोस, हाही लिहून दे. फक्त ‘वाळीत’ लिहू नकोस, हल्ली कायदा आहे. तुझ्या शब्दकोशात एखादा सभ्य शब्द बघ की.”