एकशेएकोणिसावा दिवस

"एकशे एकोणीस," धाकटा म्हणाला आणि त्याने बॅगेची चेन लावली. "दुपारचं विमान चुकलं, तर उद्या एकशे वीस. मग संपलंच."

थोरली भांडी पुसत होती. तिला हा नियम आता पाठ झाला होता. वर्षात एकशे वीस दिवस या देशात काढले की वर्षभराची सगळी कमाई, कुठेही मिळवलेली असो, इथल्या करात येते. चाळीस टक्के. धाकटा राहतो तिथे पगारावर करच नाही. तो पगार घराच्या हप्त्यांत आणि दोन मुलींच्या फीमध्ये आधीच वाटला गेला होता. बाबांचं हृदय थकल्यापासून तो या वर्षी चार वेळा आला होता. नवे दिवस मिळायला अजून चार महिने होते.

"तू सुटलीस बघ, ताई. तुला मोजायची भानगड नाही."

"माझं करवालेच मोजतात. तिसरा हिस्सा कापून मग उरलेलं माझ्या हातावर ठेवतात."

"पण मग हा पलंग, ऑक्सिजन, रोज येणारी सिस्टर, सगळं फुकट."

"फुकट? माझा तिसरा हिस्सा पगार आत्ता आत बसून बाबांचं ब्लडप्रेशर बघतोय."

धाकटा हसला. मग तीही हसली. या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं होतं.

"तिकडे साधी दाढ काढायची तरी महिन्याचं गणित कोलमडतं," तो म्हणाला. "आणि नोकरी गेली तर तीस दिवसांत चंबूगबाळं उचलायचं."

"मग कसलं सुख रे तुला?"

"निदान कुणी खिशात हात घालत नाही." एवढं बोलून त्याने घड्याळ पाहिलं.

तिने पुसलेलं ताट फळीवर ठेवलं. पाणीखात्यात नकाशे काढून ती रोज सहाला घरी यायची. बाबा एकटे नकोत म्हणून सहा वर्षांत या घराबाहेर तिने एकही रात्र काढली नव्हती.

"काय खिदळताय?" आतून बाबांचा आवाज आला. बोलताना त्यांना मध्येच थांबावं लागायचं.

"कर कुणाला जास्त जाचतो, ते ठरवतोय," धाकटा ओरडून म्हणाला.

"रडा दोघंही. एकीचा पैसा गेला म्हणून. एकाचा जाईल म्हणून." मग श्वास घेऊन त्यांनी विचारलं, "किती राहिले?"

"आजचा एक, बाबा."

हे ते रोज सकाळी विचारायचे. बस डेपोत तीस वर्षं वेळापत्रकं आखलेला माणूस. गाडी आपल्यामुळे खोळंबली, असं त्यांनी कधी होऊ दिलं नव्हतं. धाकट्याला वाटायचं, आपण जाऊ नये म्हणून ते विचारतात. म्हणून तो आकडा हळू आवाजात सांगायचा.

सिस्टर बाहेर आली. दाराशी चपला घालताना तिने थोरलीला जवळ बोलावलं.

"गोळ्या वेळेवर जातायत ना?"

"मी स्वतः देते. दोन्ही वेळा."

"मग सूज का चढतेय, कळत नाही. छातीतही पाणी साठायला लागलंय. डॉक्टरांना आजच बोलावते. पण घरच्यांना कळवायचं असेल तर कळवून ठेवा. फार तर आठवडा."

धाकट्याने ते ऐकलं. तो बॅगेवरच बसला. खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. थोरली त्याच्याकडे न बघता उभी राहिली. 'थांब' हा शब्द तिच्या ओठांवर आला होता. तो तिने गिळला. ती म्हणाली आणि तो थांबला, तर ते चाळीस टक्के जन्मभर तिच्या नावावर राहिले असते. ती म्हणाली आणि तो तरीही गेला, तर त्याहून वाईट. हॉर्न पुन्हा वाजला.

धाकटा उठला. बॅग तिथेच ठेवून तो जिना उतरला. खिडकीतून तिला दिसलं, तो टॅक्सीवाल्याशी बोलतोय, पाकीट काढतोय. टॅक्सी रिकामीच वळली.

तो वर आला तो थेट बाबांच्या खोलीत गेला. थोरली दारात थांबली. खोलीत औषधाचा आणि नुकत्याच बदललेल्या चादरीचा वास होता. बाबा तीन उशांना टेकून बसले होते. त्यांचे पाय चादरीखालूनही जाड दिसत होते.

"अजून इथेच? टॅक्सी गेली की."

"मीच पाठवली."

"उद्या एकशे वीस."

"होऊ देत." धाकटा पलंगाच्या कडेला बसला. "भरेन कर. हप्ते थकतील, थकू देत. ताई इतकी वर्षं भरते, मेली नाही. मी कुठेही जात नाही, बाबा. तुम्ही बरे होईपर्यंत इथेच आहे."

आता बाबा त्याच्या डोक्यावर हात ठेवतील, असं थोरलीला वाटलं.

बाबांनी हात हलवला नाही. ते मुलाकडे बघत राहिले. मग त्यांनी दाराकडे, तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. ऐन परीक्षेत कॉपी करताना सापडलेल्या मुलासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"हे आधी सांगायचंस रे," ते म्हणाले. "तुझे दिवस आहेत तोवर आटपावं, म्हणून मी गेले बारा दिवस एकही गोळी गिळलेली नाही."