उशीतला चष्मा

महिना झाला, धाकटी भांडली नव्हती. थोरलीला हे वागणं मुळीच पसंत नव्हतं.

आजही तिने मुद्दाम कात्री ओढून घेतली. दोन शिवणयंत्रं, दोन जावा आणि धारेची कात्री एकच, असा त्या मागच्या खोलीचा संसार होता. पुढे गाद्या-उश्यांचं दुकान, मागे या दोघी समोरासमोर बसून खोळी शिवायच्या. यंत्रांच्या खडखडाटावर आवाज चढवून भांडायची इतकी सवय, की रस्त्यात भेटल्या तरी ओरडूनच बोलायच्या. थोरलीने कात्री ओढायची, धाकटीने "माहेरून आणलीत का ताई?" म्हणायचं, आणि मग कुठे दिवस सुरू व्हायचा.

"घ्या ना ताई," धाकटी म्हणाली. "मला काय घाई आहे?"

थोरलीचा हात कात्रीसकट तसाच राहिला.

या सगळ्याचं मूळ एका उशीत होतं. टोचते म्हणून गिऱ्हाइकाने ती परत आणली. थोरलीच्या मुलाने गल्ल्यापुढेच उसवली, तर कापसातून चष्मा निघाला. घरात चष्मे दोन, दोन्ही एकाच घडणीचे. घासाघीस करून जोडीने घेतलेले. धाकटी तेव्हा आंघोळीला गेली होती.

"हा कोणाचा?" मुलाने विचारलं.

"माझा. आणि कोणाचा असणार?" थोरलीने तो हिसकावून नाकावर चढवला.

मुलाच्या तोंडचं पाणी पळालं. मागे एकदा काकूने एक खोळ चारही बाजूंनी शिवून टाकली होती, कापूस भरायला तोंडच नाही. तेव्हा तो म्हणाला होता, "पुन्हा असं काही झालं, तर यंत्र बंद. काकूला तिच्या मुलीकडे पोचवून येतो." पण आईला कुठे पोचवणार? आई पडली मालकीण. म्हणून तिला डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, "चाला, वेळेवर झोपा, गोड कमी करा, माणसांत राहा, डोक्याला काम द्या." मुलाने त्यात आपल्या पदरचं घातलं: ताण नको. झालं. सकाळी भिजवलेले अक्रोड, दुपारी शब्दकोडं, संध्याकाळी बागेला फेऱ्या. थोरलीची शाळा नाव लिहिण्यापुरती. तिने कोड्याच्या चौकोनांत सुचतील ती अक्षरं कोंबली. एकही चौकोन रिकामा ठेवला नाही, आणखी काय हवं? पण इतकं करून तिचं डोकं ठणकायला लागलं. सुईत दोरा जाईना, शिवण वाकडी जायला लागली. मुलाने अक्रोड वाढवले. समोर धाकटीचीही शिवण वाकडीच पडत होती, पण तिच्याकडे कोण बघतंय!

थोरली बघत होती. मुलाला सांगावं, तर धाकटीची पिशवी भरलीच म्हणून समजा.

शेवटी तिने ठेवणीतलं भांडण काढलं. सासऱ्यांना जाऊन कित्येक वर्षं झाली, पण या एका बाबतीत दोघींपैकी कोणीच कधी माघार घेतली नव्हती.

"मामंजी शेवटपर्यंत चहा माझ्याच हातचा मागायचे. खरं की नाही?"

"हो ताई. तुमच्याच हातचा."

कात्री थोरलीच्या हातून खाली पडली. गेलं, तिला वाटलं. गेलं हिचं डोकं. आपले केस काळे असताना आपल्याला पाहिलेलं माणूस आता या घरात उरलं नाही.

तेवढ्यात मुलगा अक्रोडांची वाटी घेऊन दारात आला. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

"बघ आई, महिनाभर घरात कशी शांतता आहे! तुझं डोकं नाजूक झालंय ना, म्हणून काकूला मीच सांगून ठेवलंय, आई म्हणेल त्याला हो म्हणायचं."

"अरे, तिच्यासमोर काय बोलतोस!" धाकटीने कपाळावर हात मारला.

थोरलीने वाटी घेतली, मुलाला बाहेर काढलं आणि दाराला कडी घातली. मग धाकटीच्या नाकावरचा चष्मा काढून स्वतः लावला आणि आपला तिच्या नाकावर बसवला.

धाकटीने हातातल्या खोळीकडे पाहिलं. "अगंबाई! टाके दिसायला लागले की!" मग तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "हा माझा. म्हणजे कपाटावर सापडला म्हणून तुम्ही मला दिलात, तो..."

"माझा."

"आणि उशीत निघाला तो..."

"हळू बोल. दुकानात ऐकू जाईल."

धाकटी उठून उभी राहिली. डोळे भरले होते, आवाज मात्र चढला होता.

"महिनाभर आंधळ्यासारखी शिवतेय मी! वर तुमच्या होला हो! आणि चहा म्हणे यांच्या हातचा! अहो, तुमचा चहा मामंजी कुंडीत ओतायचे, कुंडीत! ते झाड कशाने वाळलं वाटतं तुम्हाला? आणा ती कात्री इकडे!"

थोरलीने कात्री उचलून पाठीमागे लपवली. महिनाभरात पहिल्यांदाच तिला सगळं स्पष्ट दिसत होतं. अक्रोडांची वाटी तिने धाकटीपुढे सरकवली.

"शाबूत आहे गं तुझं डोकं, भवाने! उगीच महिनाभर तुझ्या वाटचे अक्रोड खाल्ले मी."