खोक्यातली आई

धाकटीने बुटांच्या खोक्याला पुढून बारीक छिद्र पाडलं, मागे बटरपेपर चिकटवला. काळं कापड डोक्यावर घेऊन पाहिलं की कागदावर उन्हातली आई उमटायची, खाली डोकं, वर पाय. "पोरीच्या हातात जादू आहे!" आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. आईच्या अंगावरचे कपडे थोरलीने शिवलेले, त्याबद्दल मात्र चकार शब्द नाही! थोरलीचा तिळपापड झाला. खोकं निकामी व्हावं म्हणून तिने गुपचूप पहिल्या छिद्राशेजारी शिवणाची सुई खुपसली. सकाळी धाकटी कापडाखालून ओरडली, "ताई, आत दोन आया!" तिने नवं छिद्र बोटाने चाचपलं, ताईच्या हातातल्या सुईकडे पाहिलं आणि हसली. "बरं झालं. जुन्या छिद्रातली माझी, नव्यातली तुझी." थोरली कापडाखाली शिरली. शेजारीशेजारी दोन आया. बराच वेळ ती दोघींना निरखत राहिली. धाकटीची आई जरा जास्तच उजळ दिसत होती.