झग्यातलं पिस्तूल

बॅटन रूज शहरात गव्हर्नरच्या मेजवानीला अंगरक्षक म्हणून पहिल्यांदाच एका बाईची नेमणूक झाली होती.

"झग्यात पिस्तूल लपत नसतं, ओडील," ब्रुसार्ड साहेबांनी बजावलं. "कुणाला दिसलं, तर पुन्हा फायलींवर बसवीन."

ओडीलने घरी पिस्तूल ठेवायचा एकेक होल्स्टर बांधून पाहिला. घोट्यावरचा जिना चढताना दिसे, मांडीवरचा घसरे आणि कमरेचा मिठी मारताना नवऱ्याला बोचे. शेवटी तिने बरगड्यांना चिकटून बसणारा मऊ कापडी पट्टा निवडला आणि झग्याच्या शिवणीत हात जाईल एवढी फट ठेवली. नवऱ्याने पुन्हा मिठी मारली.

"आता काहीच लागत नाही गं!"

मेजवानीत पाहुण्यांमध्ये मिसळून जावं म्हणून साहेबांनी तिला नाचायला नेलं. एक गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. झग्याला कुठेच फुगवटा दिसेना, तसे साहेब तिच्या कानाशी कुजबुजले, "पिस्तूल गाडीतच ठेवून आलीस ना? मला ठाऊकच होतं!"

ओडीलने ताल चुकू दिला नाही. गव्हर्नरवरची नजरही न काढता ती म्हणाली, "साहेब, मघापासून तुमचं कोपर त्याच्यावरच टेकलंय."