शेजारच्याचा अंगठा

"आपला फोन शेजारच्याच्या हातात द्या, आणि तोंडाला कुलूप," व्यासपीठावरच्या मुलीनं माइकमध्ये बजावलं. "तुमचा एक व्हिडिओ त्याला बघू द्या. समजावून सांगायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. फक्त त्याच्या अंगठ्याकडे बघत बसायचं."

विजयवाड्याच्या त्या थंडगार सभागृहात तीनशे व्हिडिओवाले जमले होते, आणि सुगुणाच्या वाट्याला नेमका आला तो ट्रॅक्टर दुरुस्त करून दाखवणारा चलपती. भरघोस मिशा, खांद्यावर उपरणं, आठ लाख माणसं त्याचं चॅनेल बघणारी. या बाप्याला ब्लाउजच्या कटिंगमधलं काय कळणार, कपाळ! तरी तिनं फोन पुढं केला.

तेनालीत बसून तीन वर्षांत दोनशे व्हिडिओ केले होते तिनं. माणसं यायची आणि मिनिटभरही न थांबता पसार व्हायची. किती गेली ते फोन सांगायचा, का गेली ते नाही. शेवटी घरात ठरल्यात जमा होतं की चॅनेल बंद करायचं आणि सोमवारपासून गुंटूरच्या कपड्यांच्या कारखान्यात रुजू व्हायचं. आज दुपारपर्यंत तिकडे होकार कळवायचा होता. हा मेळावा म्हणजे अखेरचा प्रयत्न, आणि सकाळपासूनची निम्मी भाषणं तर तिच्या डोक्यावरून गेली होती.

व्हिडिओ सुरू झाला. सुगुणानं शिलाई मशीनला हळदकुंकू लावलं, दिवा लावला, हात जोडले. मग मागच्या व्हिडिओखाली ज्यांनी ज्यांनी चार शब्द लिहिले होते त्या सगळ्यांची नावं घेऊन विचारपूस. काकिनाड्याच्या राजेश्वरी अक्का, पाय कसा आहे? ओंगोलच्या भ्रमरांबा, लेकीचं लग्न ठरलं का? दारी आलेल्याला पाणीसुद्धा न विचारता कात्री हातात घ्यायची, हे तिला कधी जमलंच नसतं.

चलपतीचा अंगठा सरकला. दिवा गेला. पुन्हा सरकला. राजेश्वरी अक्का गेल्या, त्यांचा पायही गेला. तिसऱ्या फटक्यात भ्रमरांबा लेकीसकट नाहीशी झाली.

सुगुणाला कुणीतरी भर पंगतीतून उठवल्यासारखं झालं. डोळे भरून आले. ती काही बोलणार, तेवढ्यात चलपतीच आवाज खाली आणून म्हणाला, "रागावू नका हं, अक्का. मी पण तुमच्यातलाच."

"म्हणजे?"

"प्रत्येक ट्रॅक्टरपुढं आधी नारळ फोडायचो. कॅमेऱ्यासमोर, साग्रसंगीत, चार मिनिटं. मागच्या वर्षी इथंच बसलो होतो, शेजारी नेल्लूरची एक पोरगी. तिनं माझा हनुमान, नारळ, कापूर, सगळं एका झटक्यात उडवलं. दोन दिवस घास गोड लागला नाही."

"मग?"

"मग काय? आता नारळ आधी फोडतो, कॅमेरा मागाहून लावतो. देवाची अजून तरी तक्रार आलेली नाही."

सुगुणाला एकदम हसू फुटलं. पदरानं डोळे पुसून तिनं पुन्हा मान वळवली, तर अंगठा थांबला होता.

पडद्यावर सुगुणानं मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, कापला होता, आणि भलताच खोल कापला होता. "अगं भवाने," पडद्यावरची सुगुणा स्वतःलाच झाडत होती, "डोळे काय बाजारात विसरलीस? गिऱ्हाइकाचं रेशमी कापड ते!" हा भाग काढून टाकायचाच राहून गेला होता. सुगुणा लाजेनं अर्धी झाली.

चलपती मात्र खुसखुसला. त्यानं व्हिडिओ मागं नेला आणि ते झाडणं पुन्हा ऐकलं. मग आणखी एकदा.

"आता हो? कापड तर गेलं!" तो म्हणाला. सुगुणानं नुसतंच पडद्याकडे बोट दाखवलं.

पडद्यावर ती उरलेल्या चिंध्या चाचपत होती. एक तुकडा निघाला. तो काखेत कसा बसवायचा, जोड बाहेरून कसा दिसू द्यायचा नाही, हे ती पुटपुटत, चुकत, उसवत, पुन्हा टाचत होती. चलपती पुढं वाकला. मिशा फोनला लागायच्या बेतात आल्या. ज्याला मुंढा कशाशी खातात ठाऊक नव्हतं तो माणूस श्वास रोखून बघत होता, आणि त्याचा तो ग्रीसनं काळवंडलेला अंगठा फोनच्या कडेला तसाच पडून होता. एक मिनिट. दोन मिनिटं. तीन वर्षांत इतके आकडे पाहिले तिनं. पण आपलं काम बघणारं माणूस कसं दिसतं ते आज पहिल्यांदा पाहिलं. तिला इतकं बरं वाटलं की काही विचारायची सोय नाही.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर नवऱ्याचं नाव. चलपतीनं जेवताना ताट ओढून घेतल्यासारखं तोंड केलं आणि फोन तिच्याकडे दिला. "लवकर आटपा, अक्का. बाही अजून लागायचीय."

"अगं, कारखान्यातून दोनदा विचारलं," वीरभद्रम पलीकडून घाईत म्हणाला. "सोमवारी येतेस म्हणून सांगू ना?"

"नाही म्हणून सांगा."

"आं? अगं, झालं काय तिथं?"

सुगुणानं बाजूला पाहिलं. फोनसाठी चलपतीचा हात तसाच पसरलेला होता.

"घरी आल्यावर सांगते सगळं," ती म्हणाली. "ठेवा आता. इथं माणूस खोळंबलाय."